साडूंनी रंगवलेले आबा

माझ्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही, आणि या निरुपद्रवी माणसाने माझा जेवढा जीव जाळला तेवढा माझ्या एकाही वैऱ्याने जाळलेला नाही. मी दौंडला चित्रकलेचा शिक्षक. रीतसर शिकून डिप्लोमा घेतलेला, दोन पिढ्यांकडून फुलदाणी आणि सफरचंद घोटून घेतलेला. आणि हे, माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान, शिरूरला राहतात आणि रांजणगावच्या एका कारखान्यात पेंट शॉपला पत्र्यांवर रंग मारतात. तेवढं करून माणसाने गप्प बसावं की नाही? नाही. शिफ्ट सुटली की हे घरी येऊन वीतभर उंचीचे रेझिनचे अर्धपुतळे रंगवतात. कोणी लढवय्या, कोणी बैरागी, कोणी नुसताच म्हातारा. आणि असे रंगवतात की बघणारा आधी तोंडात बोट घालतो आणि मग माझ्याकडे वळून विचारतो, "सर, तुम्ही का नाही असलं काही करत?"

त्यांची एकेक तऱ्हा बघावी. पुतळा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवायचा, म्हणजे बाटली धरून हवा तसा फिरवता येतो. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, म्हणजे रंग दिवसभर वाळत नाही. हे मी शाळेत गुपचूप करून पाहिलं. खरंच वाळत नाही, मेला! आधी सगळा पुतळा काळा करतात, मग वरून पांढरा फवारा सोडतात. "ऊन कुठनं पडतंय ते आधी ठरवायचं सर, मग बाकीचं सोपं हाय," असं मला, मला शिकवतात! मग दुधात पाणी घालावं तसा रंग पातळ करून हातावर हात देत बसायचं. कातडीखाली हिरवट, दाढीच्या जागी निळसर, नाकाच्या शेंड्याला तांबूस. या नादाने जित्या माणसांकडेही ते त्याच नजरेने बघतात. एका लग्नात व्याह्यांना म्हणाले, "तुमच्या डोळ्यांखालचा जांभळा लई ग्वाड हाय." मेहुणी एकदा भांडताना लालबुंद झाली, तर म्हणाले, "थांब, हलू नको, कानाची पाळी बघू दे." ती तणतणत भांडगावला माहेरी आली आणि तिने हे सगळ्यांना सांगितलं, तर सगळे कौतुकाने हसले. माझ्या बायकोला मी असं म्हणालो असतो तर कोणी हसलं असतं का?

त्या भांडगावच्या घरात, पुढच्या खोलीत, मी काढलेलं आबांचं तैलचित्र होतं. आबा म्हणजे आमचे सासरे. तरुणपणी मेंढरं राखली, मग शेतीत स्थिरावले. सासुरवाडीला माझी जी काही किंमत होती ती त्या एका खिळ्यावर टांगलेली होती. सासूबाई त्या चित्राला 'फोटू' म्हणत, तेही मी गिळलं होतं. आबा गेल्यावर साडूंनी जुन्या फोटोंवरून त्यांचा अर्धपुतळा बनवून घेतला आणि रंगवायला काढला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "वरीसश्राद्धाला त्यो फोटू उतरवू, आन् तिथं फळी ठोकून ह्यास्नी बसवू." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी मुद्दाम शिरूरला जाऊन पुतळा पाहिला. पागोट्याच्या काठाखाली कपाळाची एक बारीक पट्टी उजळ ठेवली होती, कारण तिथे आबांना जन्मात ऊन लागलं नव्हतं. मी वीस वर्षं आबांसमोर बसलो, त्यांचं चित्र काढलं, पण ती पट्टी मला कधी दिसली नाही. आत नुसती आग झाली. तेवढ्यात साडू म्हणाले, "सर, शेवटचा हात तुम्ही सांगा. सगळीकडं बिनचमकीचं मॅट वार्निश मारतो, डोळ्यांत आन् ओठावर तेवढी चमक. बरोबर ना?"

बरोबरच होतं. कातडी चमकली की पुतळा प्लॅस्टिकचा दिसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हणालो, "छे! चेहऱ्यावर चकचकीत वार्निश मारा. दणकून."

"चेहऱ्यावर?" त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं. तुम्ही शिकल्यालं माणूस."

वर्षश्राद्धाला पुतळ्यावरचं फडकं काढलं. आबांचा चेहरा तेल चोळलेल्या पैलवानासारखा चकाकत होता. मी हळहळल्यासारखं तोंड करून तयार उभा. सासूबाई जवळ गेल्या, वाकून बघू लागल्या.

"आगं बया, घाम आलाय ह्यास्नी," त्या म्हणाल्या. "मेंढरं घिऊन दारात आलं की आसंच दिसायचं." आणि पदराने पुतळ्याचं कपाळ टिपत रडू लागल्या.

साडू घाईघाईने पुढे झाले. "मामी, ती सरांची आयडिया हाय. मी तर कोरडंच ठिवणार हुतो."

वीस वर्षांत सासूबाईंनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. "पाव्हणं," त्या म्हणाल्या, "तुमीच वळिखलं त्यास्नी." याच शब्दांसाठी मी ते तैलचित्र काढलं होतं. ते मिळाले, आणि मला मान वर करता येईना.

तैलचित्र आता दौंडला माझ्याच घरी आहे. सासूबाई रोज सकाळी पदराने आबांचा घाम पुसतात, त्यामुळे कपाळावरची चमक दोनतीन महिन्यांत उडते. मग साडूंचा फोन येतो, "सर, रविवारी भांडगावला या. ती चमक तुमची हाय, तुमच्याच हातानं द्या." मी जातो. ते वार्निशची बाटली धरून उभे राहतात, मी ब्रशने आबांच्या कपाळावर पातळ हात देतो, आणि ते दर वेळी म्हणतात, "हे मला सुचलंच नसतं, सर." दर वेळी वाटतं, आज खरं सांगून टाकावं. मग सासूबाई चहा घेऊन येतात, कप आधी माझ्या हातात देतात, आणि मी चहा पिऊन परत येतो.