दिवाळीपर्यंत रोज एक मॉड्यूल

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. बाहेर चार लोकांत एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो. आमच्या ऑफिसात तर आमच्या मालकांनी, काळे सरांनी, त्यासाठी वेगळी मालिकाच काढली होती.

सिडकोतल्या एका मजल्यावर आमची छोटी कंपनी आहे. कापसाच्या जिनिंग मिलसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. माल आला, काट्यावर वजन झालं, पावती निघाली, एवढा आमचा संसार. परदेशात नाताळच्या आधी रोज एक उपयोगी मॉड्यूल सांगायची पद्धत आहे, असं सरांनी कुठंतरी वाचलं. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्यानं आयतं लिहून ठेवलेलं काम, आपण फक्त उचलून आपल्या प्रोग्राममध्ये बसवायचं.

"आपण दिवाळीआधी करू," सर म्हणाले. "रोज सकाळी चहाला एकानं एक मॉड्यूल सांगायचं. नुसती बडबड नको, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवायचं."

आम्ही चहाकडं बघून हो म्हणालो.

*

पहिला मान नासिरभाईंचा. आमच्यात सगळ्यात जुने, रोज खुलताबादहून येतात. काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी त्यांनी रिपोर्टला बसवली. ती इकडून तिकडं सर्रकन जायची.

दुपारी एका मिलमधून फोन आला. "तुमची पट्टी लई घाई करती. हिशेब नीट करती का नाय?"

नासिरभाईंनी पट्टी हळू केली. रिपोर्ट आधीच तयार असायचा, पट्टी मागून निवांत यायची. संध्याकाळी त्याच माणसाचा फोन आला. "आता कसं, काम केल्यासारखं वाटतंय."

ती पट्टी अजून तशीच आहे.

*

सरांनी स्वतः खोटी नावं तयार करणारं मॉड्यूल आणलं. टेस्टिंगला शेतकऱ्यांची नावं लागतात, ती हे बसल्या जागी बनवतं. फक्त बनवतं विलायती. ती यादी एका मिलच्या कॉम्प्युटरवर तशीच राहून गेली.

तिथल्या मुनीमजींनी फोन केला. "हे रॉबर्ट जॉन्सन कुठल्या गावचे?"

सरांनी घाईघाईनं यादी उघडली.

"नाय, आमचं काय म्हणणं नाय," मुनीमजी म्हणाले. "माल घेऊन कधी येणार तेवढं सांगा. काटा रिकामा ठेवतो."

फोन ठेवून सर आम्हाला म्हणाले, "बघा, युजर किती बारकाईनं बघतो."

*

आता आमच्यातल्याच गणेशचं सांगते, कारण त्या दिवाळीत खरा जीव टांगणीला लागला होता तो त्याचा. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. सासरवाडी गंगापूर. सासरे अंगठीचं माप घेऊन गेले होते. आणि सुट्टी मिळत नव्हती, कारण सणातही सपोर्टच्या फोनवर कुणीतरी बसलंच पाहिजे हा सरांचा बाणा. दरवर्षी नासिरभाई बसायचे. यंदा त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न नेमकं त्याच आठवड्यात आलं आणि पाळी गणेशवर गेली. मला त्याची खरंच दया यायची. रोज जेवणाच्या सुट्टीत तो बायकोला जिन्यात जाऊन हळू आवाजात समजावायचा.

माझ्या वाट्याला रिट्रायचं मॉड्यूल होतं. समोरून नकार आला की ते थोडं थांबून पुन्हा विचारतं, पुन्हा नकार आला की जरा जास्त थांबून पुन्हा. गणेशनं ते फार मन लावून ऐकलं.

चहा संपताच त्यानं सरांकडं सुट्टी मागितली. सर नाही म्हणाले. मग त्यानं जेवणाआधी मागितली. मग चार वाजता.

"गणेश," सर म्हणाले, "या मॉड्यूलला प्रयत्नांची मर्यादा घालता येते."

"घालता येती सर. पण घातली नाय तर ते थांबत नाय."

सर तरीही नाहीच म्हणाले.

*

शेवटचा दिवस गणेशचा. सगळ्या ग्राहकांना एकदम मेसेज पाठवणारं मॉड्यूल. तो बॅग घेऊनच आला होता. सर चहाचा कप घेऊन त्याच्या मागं उभे राहिले. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, 'आमचं ऑफिस आणि सपोर्ट भाऊबीजेपर्यंत बंद राहील. शुभ दीपावली.'

"हा मजकूर कशाला?"

"नमुना हाय सर."

"बरं. चालवून दाखव."

गणेशनं बटण दाबलं. सरांनी चहाचा घोट घेतला आणि मग त्यांना सुचलं. "नंबर टेस्टचेच घातलेस ना?"

"नाय सर. आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवायचं, असं तुम्हीच म्हणाला व्हता."

सर खुर्चीत बसले. तेवढ्यात उत्तरं यायला लागली. पहिलं गंगापूरच्याच एका मिलमालकाचं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं. 'शुभ दीपावली. सणात आमची मिल दरवर्षी बंदच असते. तुम्ही ऑफिस चालू ठेवत होता काय?'

दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचंही तेच. चौथं सरांनी मनातच वाचलं.

गणेश तोवर बॅग उचलून जिन्यात पोचला होता. त्याला कुणी हाक मारली नाही.

सर हळूच नासिरभाईंकडं वळले. "नासिरभाई, मग इतकी वर्षं दिवाळीत तुम्ही इथं बसून करत काय होता?"

नासिरभाईंनी बशीतला चहा संपवला.

"ईदची सुट्टी कमवत होतो, सर."