होळीच्या इमेजमधला हरिदासचा कागद

अर्जनवीस म्हणून मोहाडीत बसतो; पुराव्याशिवाय मी देवाच्या अंगाऱ्यावरही विश्वास ठेवलेला नाही. तरीही पुढील मजकूर माझ्या पूर्ण शुद्धीत लिहीत आहे...

आंधळगावचे विणकर हरिदास पोळ्यानंतर माझ्याकडे आले होते. आपल्यामागे घर पत्नीच्या नावे व्हावे, असा कागद मी त्यांना कॉम्प्युटरवर करून दिला. दोन साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला, सह्या घेतल्या. हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या पत्नी कौसाबाई आल्या, त्याच आठवड्यात माझी हार्ड डिस्क बंद पडली.

"भाऊ, कागद कोठी ठेवला त्याईनं, सांगतलंच नाही. सोमवारी गावची तंटामुक्ती समिती बसते. कागद नाही दिसला तं देर मले घराबाहेर काढते!"

साक्षीदार? दोघेही दिराच्या धाकाने फिरले होते.

आम्ही बसस्टँडजवळच्या नरेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याने पोळ्याच्या आधीच्या होळीला माझ्या डिस्कची इमेज घेतली होती — म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत. ती बाहेरच्या डिस्कमध्ये, त्याच्याच कपाटात कुलूपबंद होती.

"काकाजी, दर महिन्याले इमेज घ्या म्हणून किती खेपा सांगतलं? दुनियेले नकला देता, आन् स्वतःची नक्कल काढाले आळस!"

"तू रिस्टोअर कर. भाषण नको."

मी कौसाबाईंना स्पष्ट सांगितले — इमेज होळीची, कागद पोळ्यानंतरचा. तो त्यात असणे शक्य नाही. त्या म्हणाल्या, "पाहून तं घ्या," आणि दुपारभर स्टुलावर बसून राहिल्या.

नवीन डिस्कवर इमेज उतरली. नरेशने फोल्डर उघडले. यादीत शेवटी... 'हरिदास आंधळगाव'.

"हे कसं काय?" नरेश पुटपुटला. त्याने इमेजची तारीख तपासली. होळीचीच.

फाइल उघडली. शब्दन् शब्द माझा. मात्र सह्यांच्या जागेवर एक ओळ होती, जी माझ्या भाषेतली नव्हती — 'कागद मागाच्या खड्ड्यात, पायटीमागच्या टिनाच्या डब्यात हाय.' पायटी म्हणजे विणताना पायाने दाबायची मागाची पट्टी.

त्या क्षणी मला आठवले. कागद वाचून झाल्यावर हरिदास म्हणाले होते, "भाऊ, हेबी लिवा ना, कोठी ठेवतो तं." आणि मी हसून म्हणालो होतो, "असला मजकूर सरकारी कागदात बसत नाही." मी ती ओळ टाइप केली नव्हती. शपथेवर सांगतो.

कौसाबाई मिळेल त्या बसने गावी गेल्या. डबा मिळाला, कागद मिळाला. त्यावर ती ओळ नव्हती. सोमवारी सह्या समोर येताच साक्षीदारांना त्या कबूल कराव्या लागल्या. घर कौसाबाईंचेच राहिले.

नरेशचे म्हणणे, "तुम्हीच टाइप करून विसरले असान." ठीक. पण होळीच्या प्रतीत? ज्याला समजत असेल त्याने अवश्य कळवावे.

मात्र मला अस्वस्थ करते ते निराळेच. कौसाबाई पेढे घेऊन आल्या, माझ्या पाया पडल्या. "तुमीच लिवून ठेवलं होतं ना भाऊ, माह्यासाठी?"

भोवती चार पक्षकार बसले होते. मी 'होय' म्हणालो.