बाईंच्या हाताचं माप

बारीकरावांना बारीकराव म्हणतात ते अंगावरून नव्हे. अंगाने ते चांगले भरलेले आहेत, बसले की खुर्ची आधी तक्रार करते. नाव पडलं ते तोंडच्या एका वाक्यामुळे. गिटारचा दांडा हाताने तासायचा, डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचं, "अजून जरा बारीक." चौतीस वर्षं हेच चाललंय. गल्लीच्या टोकाला यंत्रवाला आहे, तो पंधरा मिनिटांत दांडा काढून देतो, सगळे एका साच्यातले. बारीकरावांना दोन आठवडे लागतात, कारण त्यांच्या खोलीत यंत्र म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ आहे आणि तेही मागे पडतं.

हत्यारं सगळी वडिलांची. एक दोन मुठींची लांब सुरी, ती दोन्ही हातांनी छातीकडे ओढत लाकूड तासायचं. पोट सुटल्यापासून ही ओढ थोडी आखूड झालीय, पण ते जाऊ द्या. मग दोन कानांचा छोटा रंधा, गोलाईवरून फिरणारा. आणि शेवटी तळहाताएवढी पोलादी पट्टी, तिने नुसतं खरवडायचं, म्हणजे लाकडावर बसलेली माशीसुद्धा घसरावी. हत्यारांबरोबर वडिलांचा एक नियमही वारशात आला. गिऱ्हाइकाचा डावा हात हातात घेऊन माप घ्यायचं, मग त्याला दांडा धरायला द्यायचा, आणि तो जायच्या आत, त्याच्या डोळ्यांदेखत निदान एक ढलपी काढायचीच. "माप घेतलं आणि लाकडाला लागलं नाही, तर ते माप नव्हे, नुसतं हात धरणं झालं," असं वडील म्हणत. बारीकरावांनी हा नियम कधी मोडला नव्हता. मोडायची वेळच आली नव्हती म्हणा.

मग बाई आल्या.

बाई मुलांना गिटार शिकवतात. वय पन्नाशीच्या आसपास, एकट्या राहतात, चपला दाराबाहेर अगदी सरळ रेषेत काढून ठेवतात. जुन्या गिटारचा दांडा जाड, हात दुखतो, म्हणून नवी हवी होती. बारीकरावांनी नेहमीसारखा डावा हात मागितला. बाईंनी दिला. करंगळी लहानपणी दारात सापडलेली, टोकाला बाहेर वळलेली. बोटांच्या शेंड्यांना तारांचे घट्टे. बारीकरावांनी तो हात धरला आणि चोपन्न वर्षांचा हा बाप्या, ज्याला आयुष्यात लाकडाच्या गाठीशिवाय कशाने कोड्यात टाकलं नव्हतं, माप काय घ्यायचं तेच विसरला.

"झालं का?" बाईंनी थोड्या वेळाने विचारलं.

"अं? हो. नाही. परत यावं लागेल," बारीकराव म्हणाले आणि नियमापुरती सुरीने एक ढलपी काढली.

बाई परत आल्या. पहिल्या दोन खेपांना मोठी सुरी चालली, चांगल्या जाड ढलप्या पडल्या. तिसऱ्या खेपेला रंधा फिरला आणि बाईंनी दांडा हातात घेतला. करंगळीसाठी कडेला जी उतरण दिली होती तिच्यावर करंगळी अशी बसली, जणू तिथेच वाढली होती. काम फत्ते. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे सुरी म्यान केली असती. बारीकरावांनी डोळे मिटले, तळवा फिरवला आणि त्यांना कळलं की दांडा झाला म्हणजे बाईंचं येणंही झालं.

"अजून जरा बारीक," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटतंय. इथे, अंगठ्यापाशी," बाई म्हणाल्या.

बस्स. आता दर मंगळवारी बाई, दर मंगळवारी हात आणि दर मंगळवारी नियमाप्रमाणे एक ढलपी. बारीकराव सोमवारीच दाढी करू लागले. कामाच्या सदऱ्याला इस्त्री. एकदा तर ते गुणगुणत पट्टीला धार लावत होते, ते यंत्रवाल्याने ऐकलं आणि तब्येत बरी आहे ना म्हणून चौकशीला आला.

वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहते, ताई. गिटारींना पॉलिश तीच करते आणि भावाला अक्कलही तीच शिकवते, दोन्हींचे हात सहा-सहा लागतात.

"अरे, उतावळा नवरा ऐकला होता. हा रेंगाळणारा पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. "सरळ बोलून का टाकत नाहीस?"

"काय बोलू?"

"तुला माहीत नाही, मला माहीत आहे आणि त्या दांड्याला तर सगळ्यात जास्त माहीत आहे. त्याचा जीव चाललाय."

तिचं खोटं नव्हतं. लाकूड काही परत उगवत नाही. म्हणून बारीकरावांनी एक युक्ती काढली, आणि इथे मात्र माणसाला मानलं पाहिजे. सुरी सोडली, रंधाही सोडला आणि नुसत्या पट्टीवर आले. तिला सोमवारी दोन-दोन तास धार लावायची, की मंगळवारी पडणारी ढलपी जितकी पातळ तितकं लाकूड जास्त दिवस पुरेल. बारीकरावांनी उभ्या आयुष्यात काढल्या नव्हत्या इतक्या पातळ ढलप्या निघू लागल्या. एक तर ताईने पेपरवर ठेवून खालची बातमी वाचून दाखवली. कारागिरी अशी कळसाला पोचलेली, आणि कशासाठी, तर चांगला दांडा नासवण्यासाठी. शेगडी पेटवायला ताई ढलप्या न्यायची, तर त्या काडी लावायच्या आधीच उडून जायच्या.

पण पातळ झाली तरी ढलपी ती ढलपीच. अकराव्या मंगळवारच्या आदल्या सकाळी बारीकरावांनी जाडी मोजायचा चिमटा लावला, पुसून पुन्हा लावला. दांडा एवढा उतरला होता की तारा ताणल्या की महिन्याभरात वाकलाच असता. वडिलांच्या हत्यारांनी, वडिलांच्याच नियमाने, त्यांनी एक खोटं वाद्य तयार केलं होतं. तेही कोणासाठी, तर बाईंसाठी. सांगावं तर बाई जातील, न सांगावं तर त्यांच्या हातात वाकडी गिटार पडेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही. ताईने विचारलं नाही, ताट मात्र दोनदा गरम करून आणलं.

मंगळवारी बाई आल्या, चपला सरळ रेषेत काढल्या आणि सवयीने डावा हात पुढे केला.

बारीकरावांनी हात घेतला नाही. टेबलाला जोडलेल्या शिकंज्याच्या पकडीतून दांडा सोडवला आणि त्यांच्यापुढे आडवा धरला. "बाई, हा गेला. तिसऱ्या खेपेलाच तो बरोबर बसला होता. त्यानंतर मी उगाच तासत राहिलो. याची गिटार होणार नाही. तुम्ही यायचं थांबाल म्हणून मी बोललो नाही. चूक माझी आहे, आणि फार मोठी आहे."

एवढ्या वाक्यांचं काम त्यांनी आजवर केलं नव्हतं. कान लाल झाले.

बाईंनी दांडा हातात घेतला, करंगळी उतरणीवर ठेवली, उचलली. "तीस वर्षं वाजवतेय मी," त्या म्हणाल्या. "कुठला दांडा हाताला बसला ते मला कळत नसेल?"

"मग तुम्ही अंगठ्यापाशी म्हणालात ते?"

"अंगठ्यापाशी काही नव्हतं. नंतर तर्जनीपाशी म्हटलं, तिथेही नव्हतं. मागच्या मंगळवारी काही सुचेना, तर मनगट म्हणाले. दांडा मनगटाला लागतच नाही. तरी तुम्ही तासलंत."

"मला वाटलं, असेल काही."

बाई हसू लागल्या. आधी तोंडावर हात धरून, मग तो हात सोडून. बारीकरावांनाही हसू फुटलं, आणि ते भरलेलं अंग हलायला लागलं तशी टेबलावरची रंध्याची पाती खुळखुळू लागली. वर ताईचा पॉलिशचा बोळा थांबला होता, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"नवा दांडा करावा लागेल," बारीकराव डोळे पुसत म्हणाले. "उद्या लाकूड आणतो. चांगलं जाड."

"आणा. सावकाश आणा," बाई म्हणाल्या आणि डावा हात पुन्हा पुढे केला.

या वेळी बारीकरावांनी तो घेतला. करंगळी वळलेली, शेंड्यांना घट्टे, सगळं पाठ झालेलं. चहाचे कप घेऊन ताई जिना उतरली ती दारातच थांबली. सुरी खिळ्याला, रंधा फळीवर, पट्टी फडक्यात. शिकंजा रिकामा.

"कसलं माप चाललंय हे, लाकडाशिवाय?" तिने विचारलं.

"माप नाही, ताई," बारीकराव म्हणाले, आणि हात सोडला नाही.