उंबऱ्याजवळच्या चपला

परळीच्या एका कॉलेजात मी प्रोसेसरचं कंट्रोल युनिट शिकवते. कार्यशाळेच्या उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी त्याला 'संगणकाचा प्रधानमंत्री' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. खरं तर तो शिपाई आहे. पुढची सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, ज्याचं काम त्याला इशारा करायचा. 'अमुक असेल तर तिकडे उडी मार' अशी सूचना आली, की एका खुणेकडे बघायचं. खूण असेल तर उडी, नसेल तर पुढची ओळ. खूण का नाही, हे तो विचारत नाही. आधी किती फेऱ्या झाल्या, तेही त्याला ठाऊक नसतं.

आई गेली आणि अण्णांचं तसंच झालं. बाकी सगळं विसरत चालले होते, एक सवय तेवढी उरली. संध्याकाळी उंबऱ्याजवळ आईच्या चपला बघायच्या. असल्या तर ती घरात आहे, जेवायला बसायचं. नसल्या तर ओट्यावर वाट बघायची. चपला आम्ही रीतीप्रमाणे तेराव्यालाच दान दिल्या होत्या.

"तुझी माय आली न्हाई अजून?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. ते नव्यानं रडले, आणि थोड्या वेळानं पुन्हा उंबऱ्याशी गेले. ताट तसंच. अंगावरचा सदरा दिवसेंदिवस ढगळ होत होता.

मग मी तशाच चपला विकत आणून ठेवल्या. अण्णांनी वाकून बघितलं.

"पाहुणी कोण आलीय गं?"

"पाहुणी नाही, आईच्याच आहेत."

"मला येड्यात काढती व्हय? कोऱ्या करकरीत हायेत. घरात पाहुणी, अन् हिचा पत्ता न्हाई!" असं म्हणून पुन्हा ओट्यावर.

तेव्हापासून माझ्या चपला कपाटात टाकून त्या मीच घालू लागले. भाजीला, कॉलेजला. परळीच्या वीजकेंद्राची राख कुणाला सोडत नाही. टाचा झिजल्या, पट्टे राखाडी झाले. एका संध्याकाळी त्या काढून मी घरात आले. मागोमाग अण्णा आले, हात धुतले, पाटावर बसले आणि भाकरी कुस्करून पोटभर जेवले.

शेवटचा घास घेऊन त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं.

"लेक कावून आली न्हाई गं अजून? तिच्या चपला दिसत न्हाईत."

"येईल इतक्यात," मी म्हणाले.

अण्णा उठले आणि माझी वाट बघत ओट्यावर जाऊन बसले.