जाळीतला तांदूळ

"सलीमभाई, कॅम बदललाय तुमी. नवा म्हणून जुना माल गळ्यात मारलाय."

दत्ता हे दुकानाच्या दारात उभा राहून बोलला. हातात फडक्यात गुंडाळलेला कॅमशाफ्ट होता, आणि आवाज इतका चढला होता की समोरच्या चहावाल्यानं हातातली गाळणी तशीच धरून ठेवली. भोरमध्ये माझं इंजिनकामाचं दुकान आहे. बोअर मारणं, हेड दुरुस्त करणं, क्रँक ग्राइंड करणं. उशीर करतो, तुसडं बोलतो असे आरोप माझ्यावर पुष्कळ झाले आणि ते खरेही आहेत. माल बदलल्याचा आरोप पहिलाच.

"आत ये," म्हटलं.

"न्हाई. हितंच सांगा."

दत्ता मार्गासनीचा. शिरवळच्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं वडिलांची जुनी पेट्रोल जीप हाती घेतली होती. पानशेतला शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, त्यांना उघड्या जीपमधून पाबे घाटात फिरवायचं, असा बेत. इंजिन तो घरीच, गोठ्याच्या पडवीत, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बांधत होता. माझ्याकडे बोअर आणि हेडचं काम होतं. आणि कॅम निवडायचं.

कॅमशाफ्ट म्हणजे एक लोखंडी दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. त्यांना लोब म्हणतात. दांडा फिरला की लोब टॅपेटला, म्हणजे त्यावर टेकलेल्या खुंटीला, वर ढकलतो आणि व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, उघडतो. लोब किती उंच, त्यावर व्हॉल्व्ह किती उघडेल ते ठरतं. लोब किती रुंद, त्यावर किती वेळ उघडा राहील ते ठरतं. परफॉर्मन्स कॅम म्हणजे जास्त उंच, जास्त रुंद. इंजिन भरपूर पळत असलं की त्याचा फायदा. हळू असलं की उलट ओढ कमी होते आणि गाडी गडगडत उभी राहते. पोरांना ती गडगडच हवी असते.

दत्ताला सगळ्यात मोठा कॅम हवा होता. मी विचारलं, "पाबे घाटात गाडीत किती माणसं बसणार?"

"बसतील तेवढी."

"आणि व्हिडिओतल्या गाडीत?"

तो हसला. व्हिडिओतला माणूस एकटा होता आणि रस्ता सपाट. मग मी त्याला मधला कॅम घ्यायला लावला. आवाज कमी, पण खालच्या गिअरात ओढ चांगली. पुण्याच्या व्यापाऱ्याकडून मीच आणवला, मीच हातात दिला. म्हणून आता संशय माझ्यावर आला तर त्यात नवल नव्हतं.

दसऱ्याला इंजिन चालू झालं. दिवाळीच्या आत मिस मारायला लागलं. दत्तानं पुढून उघडून कॅम काढला, व्हर्नियर लावला, आणि दोन लोब बुटके निघाले.

मी मायक्रोमीटरनं मोजलं. पोरगं खरं बोलत होतं.

माझा स्वभाव असा की मी गाडीच्या आधी मालकाकडे बघतो. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, अर्धं बोलतं. पण आधी मी व्यापाऱ्याला फोन लावला. घासून पॉलिश केलेला माल दिलात का, असं सरळ विचारलं. तो म्हणाला, "सलीमभाई, पॅकिंग तुम्ही फोडलंत ना?" फोडलं मीच होतं. मग मला वाटलं, दत्तानंच आपला जुना कॅम आणून दाखवला असेल. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कॅमच्या टोकाला मी दोन ठिपके कोरतो. टोक पुसून बघितलं. ठिपके होते.

"बघ, हा माझाच. मी दिलेलाच."

"खूण काय, कुनीबी मारंल."

तो निघून गेला. कॅम काउंटरवर ठेवून गेला, हे विशेष.

संध्याकाळपर्यंत जीपवाल्यांच्या मोबाईल ग्रुपवर मजकूर फिरला, भोरमध्ये नवा म्हणून जुना कॅम दिला. माझं नाव नव्हतं, पण भोरमध्ये कॅम देणारा दुसरा आहे कोण? वेल्ह्याचा एक जण ट्रॅक्टरचं हेड आणणार होता, त्यानं ते परस्पर पुण्याला नेलं. मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक डोळ्यांनी काही तपासू शकत नाही. मी सांगतो आणि तो मानतो, एवढ्यावरच सगळं चालतं. ते मानणं एकदा गेलं की नुसतं मशीन उरतं.

रात्रभर चडफडून सकाळी कॅम पुन्हा हातात घेतला. दोन लोब बसलेले, बाकीचे सहा जवळजवळ मापात. इथं मला पहिल्यांदा बरं वाटलं. खोटा माल असता तर सगळीकडून सारखाच खोटा असता. हा कॅम खरा होता आणि दत्ताच्या घरी जाऊन मेला होता. कसा, ते बघायला मी मोटारसायकल काढली आणि नसरापूरवरून मार्गासनी गाठली.

दत्तानं मला बघून ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. त्याचे वडील, नाना, शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "चेंबर उघड." चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. दत्तानं ते उघडलंच नव्हतं.

ऑइलमध्ये चांदीसारखी चमक होती. झिजलेलं लोखंड. दोन टॅपेटची तोंडं बशीसारखी खोल झाली होती. जागेवर बसवल्यापासून ते कोरडेच घासले गेले होते. मग ऑइल गाळणारी जाळी काढली आणि बोटाला काहीतरी टणक लागलं. पुसून बघितलं.

तांदळाचा दाणा. आणि त्याला लाल रंग.

दत्ता माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. त्याच्या डोळ्यात स्पष्ट होतं की हा दाणा मीच खिशातून आणलाय. माझ्या मनात होतं की यानं भावकीतल्या कुणाशी तरी वाकडं घेतलंय आणि त्यानं इंजिनात काहीबाही टाकलंय.

तेवढ्यात दत्ताची आई चहा घेऊन आली. दाणा बघून म्हणाली, "अगं बया, अक्षता की! ही हितं कुठं आली?"

"मावशी, तुम्हीच सांगा."

तिनं कौतुकानं सांगितलं. खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, फाळ पूजेला मांडला. पोराचं नशीब ज्या दांड्यावर फिरणार, तो पण मांडावा असं तिला वाटलं. "पर त्याला काळं-काळं चिकाट लागल्यालं. देवापुढं तसा कसा ठिवायचा? म्या चुलीतल्या राखंनं घासला. लई लख्ख झाला बघा, सलीमभाऊ."

मी कप खाली ठेवला. ते काळं चिकट म्हणजे पेस्ट, मी कॅमबरोबर नळी दिली होती आणि दत्तानं ती आधीच लावून ठेवली होती. नवा कॅम आणि टॅपेट पहिल्यांदा एकमेकांवर घासतात तेव्हा तिथं ऑइल पोचलेलं नसतं. ती पेस्टच त्यांना वाचवते. तिच्याखालचा काळा थरही मळ नसतो, कारखान्यात मुद्दाम दिलेला असतो. राखेनं दोन्ही गेलं होतं. आणि कॅमच्या टोकाच्या गिअरच्या खाचेत अडकून अक्षता आत गेली होती.

"दत्ता, तू पेस्ट परत लावलीस?"

"संपली व्हती. ऑइल लावलं की. ऑइल त्ये ऑइलच."

"आणि चालू केल्या केल्या रेस धरलीस? मी बजावलं होतं, स्लोला सोडू नकोस म्हणून." क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जोरात फिरला की ऑइल उडतं आणि कॅमला मिळतं. स्लोवर ठेवलं तर कॅम उपाशी.

दत्तानं नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "म्याच सोडाय लावली. नव्या इंजिनाला पहिल्याच दिशी बोंबलाय लावायचं व्हय? आरती व्हईस्तवर गुरगुरत ठिवलं निवांत."

म्हणजे आईनं घासला, बापानं जपला आणि पोरानं नाव माझं घेतलं.

आता जिभेवर ताबा ठेवणं भाग होतं. सलीम म्हणतो पूजेनं इंजिन गेलं, असं कुणी ग्रुपवर टाकलं असतं तर दुकानाचं शटर वर करायला नको. खरं तर खंडेनवमीला माझ्या लेथलाही झेंडूची माळ असते. मला काम शिकवणारे उस्ताद घालायचे, मी घालतो.

"मावशी, पूजेनं काही झालं नाही. राखेनं झालं."

तिचा चेहरा उतरला. "म्हंजी म्या घालिवलं पोराचं?"

ते मला बघवलं नाही. आणि दत्ता नुसता पाना पुसत होता, ते तर अजिबात बघवलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही नाही. कॅम पांढरा झालेला बघूनही ज्यानं भोरला एक फोन केला नाही, त्यानं घालवलं. आणि वर मला चोर ठरवलं."

दत्तानं मान खाली घातली. मला वाईट वाटलं नाही.

दुसरा कॅम आणि टॅपेट त्याच व्यापाऱ्याकडून आले. चेंबर, नळ्या धुतल्या, पेस्ट मी स्वतः लावली. मावशी लांब उभी राहून बघत होती, हात पदरात बांधल्यासारखे. मी जुना कॅम तिच्याकडे दिला. "पूजा याची करा. घासा हवा तेवढा." चालू करताना रेस धरायचं काम मी मुद्दाम नानांना दिलं. इंजिन असं बोंबललं की शेळ्या दावणीला हिसके द्यायला लागल्या. नाना दोनदा हात सैल करायला गेले. दोनदा मी ओरडलो.

पाबे घाटात भरलेली जीप सेकंडवर चढली. दत्तानं ग्रुपवर लिहिलं, कॅमचा विषय मिटला आहे.

मी फोन केला. "कसा मिटला ते लिही."

"आईचं नाव कसं लिवू, सलीमभाई?"

मला वाटलं, सुटायला बघतोय. मी फोन ठेवला. थोड्या वेळानं मजकूर आला: चूक माझी, पेस्ट म्या लावली न्हाई, सलीमभाईंचा कॅम नवाच व्हता. दोनदा वाचला. कुठं मेख मारलीय का ते बघितलं. नव्हती.

आता मी पेस्टची एक नळी जास्तीची देतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, घरात पूजेला कोण बसतं? लोक चमकतात. जुना कॅम मार्गासनीला देवघरात आहे. मावशी दर सणाला तो राखेनं घासते, असं दत्ता सांगतो. म्हणजे टोकावर कोरलेले माझे दोन ठिपकेही हळूहळू झिजून जातील. उद्या पुन्हा कुणी म्हणालं की सलीमनं दत्ताचा कॅम बदलला, तर दाखवायला माझ्याकडे काही नाही. नवा कॅम राखेनं आपणच घासला, एवढं मावशीला बोलायला लावावं लागेल.