तळं माझं, खळं मामाजींचं

माझ्या मालकीचं एक तळं आहे आणि ते अस्तित्वात नाही.

म्हणजे मोबाइलमध्ये आहे. 'नीलद्वीप' नावाचा एक खेळ आहे. त्यात गावोगावची माणसं आपापल्या खाटेवर लोळत एकाच वेळी राज्यं चालवतात. तिथे आमच्या गिल्डचं एक बेट आहे आणि त्या बेटावर ते तळं. (गिल्ड म्हणजे मिळून खेळणाऱ्यांची टोळी. आमच्या ह्यांच्या मते बिनकामाच्या लोकांची पतसंस्था!) तळ्यावर कायम धुकं असतं. धुक्यात कमळं, काठाला एक सपाट दगड. खेळात माझं पद महासेनापती. पण खरं सांगते, लढाईत माझा जीव रमत नाही. मी आपली त्या दगडावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसते. मधूनच एखादा मासा उडी मारतो, पाण्यावर वर्तुळ उमटतं, ते पसरत जातं, पसरत जातं, पार धुक्यात विरून जातं... आणि इकडे गॅसवर दूध उतू जातं.

"अवो, आपल्या साकोलीत कोणत्याही दिशेनं चालत सुटलं तरी तलाव लागते," हे म्हणतात. "मोबाइलमधलं तळं कायले पाहिजे तुले?"

"खऱ्या तलावावर माझ्या शाळेतली पोरं भेटतात," मी म्हणते. "मी जरा डोळे मिटले की 'मॅडम, मॅडम, झोपल्या का?' सुरू होतं."

शाळेत माझं कोणी ऐकत नाही. घरात माझं कोणी ऐकत नाही. फक्त नीलद्वीपात मी 'चला' म्हटलं की अख्खी फौज चालायला लागते. आता ती फौज कोणाची म्हणाल, तर आमचा प्रमुख 'यमदूत' हा पवनीला झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि त्याचा आवाज इतका मऊ आहे की ऐकता ऐकता डुलकी लागावी. दुसरा 'पाताळवीर' चिखल्याच्या खाणीत काम करतो. पाळी संपवून वर आला की आंघोळ करतो, जेवतो आणि लगेच किल्ल्यावर हजर! बाकीची मंडळी अशीच इथली-तिथली. प्रत्येकाला मत मात्र आहे. मागे खेळवाल्यांनी तिथलं निळं चांदणं बदलून पिवळसर केलं, तर आमच्या गिल्डमध्ये आठवडाभर रणकंदन! निळं बरं की पिवळं? कोणी गिल्ड सोडून जाण्याची धमकी दिली, कोणी खेळवाल्यांना शिव्या घातल्या. शेवटी पाताळवीर म्हणाला, "आमाले कोनतंही चांदनं चालते बाप्पा, वर दिसलं म्हनजे झालं." तिथेच तो वाद मिटला.

दिवाळी झाली आणि मोसमाची शेवटची लढाई जवळ आली. समोर 'महाप्रलय' नावाचं गिल्ड, त्यांचा प्रमुख 'दैत्यराज'. नियम सरळ होता. हरेल त्याचं बेट जाणार. बेट गेलं की तळं गेलं. मग माझ्या दगडावर त्या दैत्यराजाने बसायचं आणि मी काय गॅससमोर उभं राहायचं? आम्ही सगळ्यांनी दिवस-दिवस खपून कोठारासमोर धान्याची ही एवढी रास लावली, कारण त्या खेळात फौज धान्यावर चालते. रास पाहिली की मला गाढ झोप लागायची.

आणि नेमका मला ताप भरला.

साधासुधा नाही, डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवली तर तिची वाफ व्हावी असा! आता खेळाची अडचण अशी की रोज हजेरी लावली नाही तर लढाईतून नाव कटतं. मी ह्यांना म्हटलं, "तेवढी माझी हजेरी लावाल का?"

"मी? त्यापरीस मी धुणं धुतो." (तेही धुतलं नाहीच.)

मग राहिले मामाजी, म्हणजे माझे सासरे. एकोडीला त्यांची धानाची शेती. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून जमीन ठेक्याने देऊन ते आमच्याकडे राहायला आले, पण अर्धेच आले. उरलेले अर्धे अजून तिकडे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभे असतात. धान कापणीला आला की गच्चीवर जाऊन वारा हुंगतात आणि तिथेच कितीतरी वेळ उभे राहतात. मी त्यांच्या हातात मोबाइल दिला.

"मामाजी, रोज एकदा हे उघडायचं आणि इथे बोट लावायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. त्यांचे डोळे मोठे झाले. "सूनबाई, खळं हाय ना हे! केवढी रास लागली वो!"

"हो, तीच."

"अन् कोनी आलं तं?"

"त्यात कोण येणार आहे, मामाजी?"

"खळं म्हटलं का लोकं येतेच."

माझं डोकं ठणकत होतं. छतावरचा पंखा कमळासारखा उमलत होता. "येऊ द्या," मी म्हणाले आणि डोळे मिटले.

त्या तापात मला जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. मी तळ्यावर उताणी तरंगत होते. पाणी कोमट. धुक्यातून माणसं येत होती, ओळीने, हात जोडून. त्यांच्या कपाळावर लाल वीज काढलेली. कुठून तरी लांबून कोणीतरी प्रेमाने म्हणत होतं, "घे बापू, सूप भरून घे. लाजतो कायले?" आणि माणसं वाकत होती, धान घेत होती, धुक्यात जात होती. धानाचा वास येत होता. मला वाटलं, किती सुंदर आहे हे सगळं! (लाल वीज हे महाप्रलय गिल्डचं निशाण आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं तर बरं झालं असतं.)

जरा डोळे उघडले तर मामाजी उशाशी बसून पट्टी बदलत होते.

"मामाजी, मी स्वप्नात मोठं खळं पाहिलं."

"बरं झालं," ते समाधानाने म्हणाले. "झोप आता."

ताप उतरला तो नेमका लढाईच्या दिवशी. दुपारी उठून बसले, पेज प्यायले आणि मोबाइल उघडला. कोठारासमोर एक उंदीर होता. बस! रास नाही, पोती नाहीत, उंदीर! तोही खेळवाल्यांनी शोभेसाठी ठेवलेला.

"मामाजी!! धान्य कुठे गेलं?"

"लोकं आले होते ना," मामाजी शांतपणे म्हणाले. "देल्लं."

"अहो, ते शत्रूचे हेर होते!"

"असतीन. म्या नाव नाई इचारलं. खळ्यावर आलेल्याले आपल्यात नाव इचारत नाई."

आता यात त्यांची चूक तरी कशी काढू? एकोडीला रास लागली की वाटेने जाणारा कोणीही येवो, न्हावी येवो, कुंभार येवो, फकीर येवो, त्याच्या पदरात सूपभर धान घातल्याशिवाय मामाजींनी आयुष्यात कधी एक पोतं घरी नेलेलं नाही. खेळात हेर आला की पडद्यावर तीन बटणं येतात. 'कैद करा', 'हाकला' आणि 'द्या'. तिसरं बटण आम्ही कोणी कधी दाबलं नव्हतं. ते कशासाठी ठेवलंय यावरही आमच्यात दोन मतं होती. मामाजींना पहिली दोन बटणं कशासाठी ठेवली तेच कळेना!

"पयला आला, त्याले देल्लं. त्यानं हात जोडले. मंग त्यानं त्याच्या घरचे आनले, मंग गावचे आनले. गंज लोकं होते वो, रांगच लागली!" मामाजींचा चेहरा असा उजळला होता, की त्यांना रागवायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

गिल्डमध्ये कोणी अडवलं कसं नाही? मी जुने निरोप ऐकले. पाताळवीर ओरडत होता, "ताई, धान्य चाललं ना आपलं!" त्यावर मामाजींचा आवाज, "जाऊन राह्यलं तं जाऊ दे बापू. तू जेवला का?" मग यमदूत, घाबरून, "ताई, तुमचा आवाज असा काहून झाला?" आणि मामाजी, "तिले ताप हाय. मी तिचा सासरा बोलून राह्यलो." मग एकामागून एक सगळे योद्धे, "नमस्कार मामाजी", "नमस्कार जी", "पाया पडतो". किल्ल्याच्या भिंती चढणारी माणसं ही! पण दुसऱ्याच्या सासऱ्याला उलटून बोलायची एकाचीही छाती झाली नाही.

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. चहाच्या वेळेला बैठक बसली आणि माझ्यावर मतांचा पाऊस पडला. ताईला काढा. ताईचं पद काढा. ताईला राहू द्या, मोबाइल काढा. एक जण तर म्हणाला, हे सगळं पिवळ्या चांदण्यापासूनच सुरू झालं! शेवटी यमदूत त्याच्या त्या अंगाईच्या आवाजात म्हणाला, "ताई, आता उपाशी फौजेनं काय लढाव? तळं तं गेलंच समजा."

मी रडले. हो, चक्क रडले! नोकरी करणारी, संसारी बाई, नसलेल्या तळ्यासाठी पदर तोंडाला लावून हुंदके देत होते.

"चाल, तुले खऱ्या तलावावर नेतो," हे म्हणाले. मी त्यांना उशी फेकून मारली.

मामाजी दारात उभे होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "सूनबाई, म्या तुह्या तळ्याचं वाटोळं केलं का वो?"

"नाही हो मामाजी," मी म्हणाले आणि त्याच दमात मला असा हुंदका आला की त्यांना खरं ते कळलं. ते गुपचूप माझ्याजवळ खाटेवर येऊन बसले.

दिवेलागणीला लढाई सुरू झाली. आमची फौज भुकेने वाकलेली. भाले टेकून कशीबशी उभी. समोर महाप्रलयाचे लोक आमचंच धान्य खाऊन गुबगुबीत झालेले! नगारे वाजत होते. मी फौजेकडे पाठ केली आणि खेळातल्या माझ्या बाहुलीला चालत चालत तळ्यावर नेलं. हरायचंच आहे तर दगडावर बसून हरू. चांदणं पाण्यावर उतरलं होतं. पिवळं की निळं ते मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे कळलं नाही. एक मासा उडाला. वर्तुळ पसरत गेलं. मी आणि मामाजी, दोघंही बघत राहिलो.

"चांगलं हाय वो तुहं तळं," मामाजी हळूच म्हणाले.

आणि नगारे थांबले. दैत्यराजाने हल्ल्याचं बटण दाबलं होतं, पण त्याची फौज जागची हलेना. उलट एकेकाने तलवार म्यान केली, आणि सगळ्यांच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'ज्याचं धान्य खाल्लं, त्याच्यावर या मोसमात शस्त्र उचलता येत नाही.'

आईशपथ सांगते, हा नियम आम्हाला कोणालाही ठाऊक नव्हता. ठाऊक कसा असणार? आजवर कोणी कोणाला काही दिलंच नव्हतं!

"ये क्या बदमाशी है?" दैत्यराज गरजला.

मामाजी मोबाइलवर वाकले. "कोन? दैत्यराज का? धान कसा निंगला बापू?"

पलीकडून मग एकदम बारीक आवाजात, "अच्छा निकला, काकाजी."

"मंग झालं तं!"

एकही वार न होता बरोबरी झाली, बेट राहिलं, तळं राहिलं. आमच्या गिल्डमध्ये नुसता जल्लोष! आता तीच मंडळी म्हणायला लागली, काय डाव टाकला ताईने, असा सेनापती होणे नाही. पाताळवीर म्हणाला, "ताई, तुमी हे ठरवूनच केलं होतं ना?"

मी घसा साफ केला. "म्हणजे, तसं पाहिलं तर..."

"नाई नाई," मामाजींनी मध्येच सांगून टाकलं. "ते तं झोपली होती."

झालं! एका वाक्यात माझं सेनापतिपद धुळीला मिळालं. दैत्यराज आपली सगळी माणसं घेऊन आमच्याच गिल्डमध्ये आला आणि सगळ्यांनी एकमताने (आमच्याकडे पहिल्यांदाच एकमत झालं) मागणी केली, मामाजींना घ्या. ह्यांनी लगेच नवीन मोबाइल आणायची तयारी दाखवली. पण मामाजी ऐकतील तर!

"येगळं कायले? जिल्ह्याचे दोन तुकडे केले तवा पाह्यलं ना! पोरीच्या घरी जाव तं आता दुसऱ्या जिल्ह्यात जाव लागते. आपलं खळं एकच राहू द्या."

"मग माझ्याच मोबाइलवर रोज खेळा," मी म्हटलं.

"सून धडधाकट असताना तिच्या खळ्यावर मी बसलो तं बरं दिसते का? ते बिमार असली का बसन मी."

हे त्यांचं म्हणणं चालू मोबाइलवर ऐकत असलेल्या यमदूताने गिल्डमध्ये सगळ्यांना जसंच्या तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल उघडला तर निरोपांचा ढीग. 'ताई, तब्येत कशी आहे?' 'दीदी, तबीयत कैसी है?' एवढी माणसं, एवढी माया! माझे डोळे भरून आले. मी उत्साहाने लिहिलं, 'एकदम ठणठणीत!'

यमदूताने लिहिलं, 'अरेरे.'

पाताळवीराने लिहिलं, 'असू द्या ताई, मन लहान करू नका.'

आणि दैत्यराजाने लिहिलं, 'कोई बात नहीं दीदी, ठंड तो अभी शुरू हुई है.'