आईच्या आवाजासाठी बंगळूर

बंगळूरला उतरले तेव्हा मला ना बाग पाहायची होती ना राजवाडा. मल्लेश्वरमच्या मावशीकडचा एक जुना, खिशात मावणारा म्युझिक प्लेयर मला बोलता करायचा होता. पक्षाघातानंतर माझ्या आईची वाचा गेली. मावशीच्या नातवाच्या बारशात आईने म्हटलेला पाळणा काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, त्या प्लेयरवर टिपून ठेवला होता. आईचा आवाज तेवढाच उरलाय, आणि तो प्लेयर मुका झालाय, असं मावशी फोनवर म्हणाली होती. तो दुरुस्त केल्याशिवाय साताऱ्याला परतायचं नाही, असं ठरवूनच मी निघाले होते.

मावशी इथल्या जुन्या मराठी घरात दिलेली, त्यामुळे तिची बोलीही इथलीच झालीय. "स्वल्प (जरा) बस ग, कॉफी घे," ती म्हणाली. कॉफी गार होऊ दिली आणि मी कामाला लागले. पडदा उजळत होता, पाळणा सुरू झाल्याचं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. मावशीचा हेडफोन माझ्या मोबाइलला लावला तर ठणठणीत. म्हणजे खोट प्लेयरमध्येच.

मग ऑटोने इथलं शिवाजीनगर गाठलं, दुरुस्तीची दुकानं तिथे. पहिल्या दुकानदाराने कानाला लावून मान हलवली. "अक्का, बोर्ड हाळागिदे (खराब झालाय). नवा घ्या."

"नवा नकोय. यातला आवाज हवाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दुकानातही तेच. संतापाने भूक खवळली, म्हणून एका खानावळीत पुरी आणि सागू (नारळ वाटून लावलेली भाजी) मागवली. खाता खाता हेडफोन एकदा मोबाइलला, एकदा प्लेयरला लावून पाहत होते. मोबाइलमध्ये पिन पूर्ण आत जात होती, प्लेयरमध्ये थोडी बाहेर राहत होती. मोबाइलच्या उजेडात प्लेयरच्या भोकात डोकावले. आत लाल काहीतरी घट्ट बसलं होतं. तशीच घरी परतले आणि मावशीला दाखवलं.

"आयुधपूजेचं (आपल्याकडची खंडेनवमी) कुंकू ते," मावशी शांतपणे म्हणाली. "मिक्सरला, इस्त्रीला, स्कूटरला लावते, तसं ह्यांच्या प्लेयरलाही. ते गेल्यापासून एकही वर्ष चुकवलं नाही."

"पण भोकात?"

"टिळ्याला गोल जागा तीच होती की."

मला आधी राग आला, मग हसू आवरेना. प्लेयर बंद करून मी दात कोरायची काडी घेतली, तर मावशीने माझा हात धरला. "ह्यांच्या वस्तूवरचं कुंकू पुसू नको ग."

"पुसत नाही, मावशी. वेचून घेते."

तिने खाली कागद धरला. मी काडीने हलकेच खरवडत राहिले, आणि निघालेली पूड तिने देवापुढे ठेवली. पिन आत गेली. आईच्या आवाजातली पहिली ओळ ऐकून मी लगेच प्लेयर बंद केला. पुढचं आधी तिनेच ऐकायला हवं होतं.

"सरी (बरं), घेऊन जा. पण परत आण," मावशी म्हणाली.

साताऱ्याला आईच्या एका कानात हेडफोनची एक बोंडी घातली, दुसरी माझ्या. पाळणा तिने डोळे मिटून ऐकला. मला रडू येत होतं. पाळणा संपला आणि रेकॉर्डिंगमधली आई खेकसली, "पुरे आता. घसा सुकला माझा, चहा टाका कुणीतरी."

आई हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मग माझ्याकडे बघून तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मी इतक्या लांब गाणं आणायला गेले होते, आणि घेऊन आले आईचा हुकूम. डोळे पुसले आणि आधण ठेवायला उठले.